गव्हाणीची खोली

ग्रामपंचायतीतून कर आकारणीचा उतारा, म्हणजे नमुना 8, हातात पडला आणि मी तिथेच बाकावर बसून हसायला लागले. ज्या खोलीत वीस वर्षं पुण्या-मुंबईचे पाहुणे झोपून गेले, हनिमूनला आलेली जोडपी राहून गेली, एकदा तर एक निवृत्त न्यायाधीश चार दिवस मुक्कामाला होते, त्या खोलीसमोर लिहिलं होतं: 'गोठा, कौलारू'. चूक ग्रामपंचायतीची नव्हे, आमचीच. बाबांनी गोठ्याची खोली केली, पण ते कोणाला कळवलं नाही. गोठ्याला पट्टी कमी बसते.

दिवेआगरला आमची वाडी आहे. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, माड, थोडे जायफळ, आणि झाडांच्या मधून मधून सहा खोल्या. बाबा 2021 च्या एप्रिलात गेले. मी पनवेलची नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिले आणि खोल्या आम्ही दोघी बघायला लागलो. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करावी, एकदाचं सगळं रीतसर व्हावं, असं माझ्या मनात आलं. कागदांची यादी काढली. पहिलाच कागद: जागेच्या मालकीचा, अर्जदाराच्या नावाचा. पंधरा दिवसांचं काम, असा माझा हिशोब होता. दोन वर्षं चार महिने लागले.

सातबारावर बाबांचं नाव होतं, पण नावाच्या पुढे तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा 1983 ला गेले तेव्हा वारसांत थोरला म्हणून बाबांचं एकट्याचं नाव लागलं, काका आणि दोन आत्यांची लागलीच नाहीत. कोकणात तेव्हा सर्रास असंच करत. म्हणजे बाबांच्या जागी आमची नावं लावायची तर आधी चाळीस वर्षं मागे जायचं, एकुम कमी करायचं, आजोबांचे सगळे वारस आणायचे, आणि मग बाबांचे. तलाठीभाऊंनी मला कोरा कागद दिला आणि म्हणाले, "ताई, वंशावळ काढून आणा. गेलेल्यांची तारीख प्रत्येकाची हवी."

गाव तरी कसलं! मराठीतला शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा ताम्रपट इथे सापडला. साडेनऊशे वर्षांहून जुना व्यवहार तांब्यावर शाबूत, आणि आमच्या 1983 च्या फेरफाराची, म्हणजे सातबारावर नाव बदलल्याच्या नोंदीची, घरातली प्रत मात्र वाळवीने खाल्लेली. कडेची बोटभर पट्टी उरली होती, तिच्यावर फक्त शिक्क्याचा अर्धा गोल.

तर मी माळ्यावर चढले. कागद शोधायला म्हणून चढले आणि वह्या घेऊन उतरले.

पहिली वही दुधाच्या रतिबाची. पुढच्या बाजूने आईचं अक्षर: अमक्याकडे अर्धा लिटर, तमक्याकडे पाव, महिनाअखेरची बेरीज. तीच वही उलटी केली की मागच्या बाजूने पाहुणे. 'पुणे, 6 माणसं, रात्र 1, जेवण 12 पानं.' दोन्ही बाजूंनी वही भरत आलेली. सुरुवातीला दूध चार पानं पुढे सरकतं तेव्हा पाहुणे एक पान. मग बरोबरीत. मग पाहुणे धावायला लागतात आणि दुधाच्या ओळी विरळ होतात. दोन्ही हिशोब एकमेकांना भेटतात ते 2001 च्या मे महिन्यात. दुधाच्या शेवटच्या पानावर एकच ओळ आहे, 'कपिला दिली. 4500.' समोरच्या पानावर तेवीस पाहुणे. आमच्या कॉटेजेसचा इतिहास कोणी विचारला तर मी ती वहीच पुढे करते.

पाहुण्यांची सुरुवात कशी झाली ते आम्हाला तोंडपाठ होतं, गावातल्या सगळ्यांनाच आहे. 17 नोव्हेंबर 1997, संकष्टी. गावातल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत सोन्याचा गणपती. मी तेव्हा सातवीत होते. पुढच्या आठवड्यापासून माणगाव-म्हसळ्याच्या रस्त्याने गाड्या यायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. ताम्हिणीतून पुणेकर, मुंबई-गोवा रस्त्याने मुंबईकर. गावात तोवर बाहेरच्या माणसाला जेवायला मिळेल असं ठिकाण नव्हतं. दर्शन झालं की लोक वाड्यांच्या बेड्यांशी, म्हणजे फाटकांशी, उभे राहून विचारायचे, "काकू, काही खायला मिळेल का हो?" आईने पहिल्यांदा घातलं ते पिठलं-भात, ताक आणि पोह्याचा पापड. पैसे घ्यायचे का नाहीत यावरून आजीशी तिचं वाजलं. आजीचं म्हणणं, दारी आलेल्याकडून अन्नाचे पैसे घेणं म्हणजे घर विकणं. त्या दिवशी पाहुण्यांनी जाताना पाटाखाली शंभराची नोट ठेवली, आणि आजीच ती उचलून देव्हाऱ्यात ठेवून आली. त्यानंतर ती कधी काही बोलली नाही.

मग पडवीत सतरंज्या. मग माजघर. आमची परीक्षा असली तरी आम्ही दोघं भावंडं स्वयंपाकघरात झोपायचो. उकडीचे मोदक आधी सांगितले तरच, वालाचं बिरडं असेल तर असेल. हे 'आधी सांगायला लागेल' आजही आमच्याकडे आहे. पुष्कळांना ते मुजोरी वाटते. नारळ खवायला एक बाई, उकड काढायला एक बाई, तीस मोदकांना दोन तास, हे हिशोबात धरलं तर वाटणार नाही.

आता खोल्यांचं. मी उतारे, पावत्या, वीजबिलं, आईच्या वह्या असं सगळं पडवीत पसरून वर्षवार लावलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी घरात कधी कोणी बोललं नव्हतं. आमच्या सहाही खोल्या एकाही झाडाच्या जागेवर नाहीत. पोफळ पाडून खोली बांधायची हे बाबांच्या स्वप्नातही आलं नसतं; आपल्याकडची रोठा सुपारी म्हणजे त्यांना मुलांच्या बरोबरीची. तेव्हा खोली तिथे झाली, जिथलं काहीतरी संपलं होतं. पहिली खोली गोठ्याची, कपिला गेल्यावर. दुसरी बेड्यांच्या, म्हणजे न सोललेल्या सुपारीच्या, कोठीची. सुपारी सोलायला माणसं मिळेनात, ओली बेडीच द्यायला लागलो, कोठी रिकामी पडली. तिसरी आणि चौथी एकत्र बांधली, ती विहिरीजवळ, जुन्या रहाटाच्या जागेवर.

त्या रहाटाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. पंप यायच्या आधी विहिरीवर रहाट होता. बैल त्याच्याभोवती गोल फिरायचा, मडक्यांची माळ पाणी वर आणायची, ते पाटाने वाडीभर जायचं. बैलाच्या फेऱ्यांनी तिथली जमीन दोन पिढ्या तुडवून इतकी घट्ट झाली होती की रहाट मोडल्यावर बाबांनी तिथे तीनदा झाडं लावली, एक धरलं नाही. पहार मारली की ठणका हाताला यायचा. गवंडी मात्र खूश. म्हणाला, पाया अर्धा बैलानेच घातलाय. आजही जोरात पाऊस झाला की त्या दोन खोल्यांच्या भोवती पाणी गोल साचतं, बरोबर बैलाच्या वाटेने. पाहुणे तक्रार करतात. मी चर काढून देते आणि मनातल्या मनात म्हणते, चालू दे रे बाबा तुझं.

पाचवी आणि सहावीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कर्ज काढून बांधल्या, एसी बसवले, कर्ज फेडलं.

आईच्या वह्यांत 2012 चा मार्च वेगळा दिसतो. 24 मार्चच्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव घेऊन मूर्ती नेली. त्या शनिवारी आमच्याकडे सतरा जणांचं बुकिंग होतं. वहीत सतराच्या सतरा नावांवर आडवी रेघ आहे आणि पुढे काही लिहिलेलं नाही. एरवी आई रद्द झालेल्या बुकिंगपुढे कारण लिहिते, 'मुलाला ताप', 'गाडी बंद' वगैरे. पुढचे दोन-तीन हंगाम वही पातळ आहे. सोनं वितळवलेलं सापडलं, खटला चालला, हे सगळं पेपरात आलंच. पण गावाला प्रश्न वेगळा पडला होता: लोक गणपतीसाठी येत होते की समुद्रासाठी? उत्तर मिळायला वेळ लागला. हळूहळू लोक आले ते सुरूच्या बनासाठी, लांबलचक मोकळ्या वाळूसाठी, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यासाठी. म्हणजे खोल्या देवाने सुरू करून दिल्या आणि पुढे समुद्राने चालवल्या. नवीन मूर्ती 2021 च्या नोव्हेंबरात बसली, ती बघायला बाबा नव्हते.

दरम्यान माझा अर्ज. वंशावळ झाली. प्रतिज्ञापत्र झालं. मृत्यूचे दाखले जमवले. मोठी आत्या इंदूरला वारली होती, तिचा दाखला हिंदीत, त्यावर तिचं माहेरचं नाव नाही, सासरचं आहे, मग ती तीच हे सांगणारा आणखी एक कागद. फेरफार धरला की नमुना नऊची नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. आमच्या नोटिशीची इंदूरची पोच दोन महिन्यांनी आली. मी कोणाला नावं ठेवत नाही. साहेबांच्या टेबलावर आमच्यासारख्या एकुमच्या फायलींचा गठ्ठा मी डोळ्यांनी पाहिलाय, कोकणातली प्रत्येक दुसरी वाडी त्या गठ्ठ्यात असेल.

मधे 2022 च्या ऑगस्टात हरिहरेश्वरजवळ रायफली असलेली नौका सापडली. भरकटत आलेली निघाली, पण दुपारपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर पोलीस. आमच्याकडे दोन शिपाई आले, पाहुण्यांची नोंदवही मागितली. 1993 ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं, तेव्हापासून ह्या पट्ट्यात पोलिसांनी विचारलं तर कोणी 'कशाला' म्हणत नाही. आईने 2001 पासूनच्या वह्यांची चळत आणून ठेवली. शिपाई म्हणाला, "काकू, फक्त ह्या आठवड्याची." आई म्हणाली, "असू देत, कोणीतरी बघू देत."

आणि निसर्ग चक्रीवादळ. तारीख सांगायलाच नको, तरी सांगते: 3 जून 2020. लॉकडाऊनमुळे खोल्या रिकाम्या होत्या, ते एक बरं. सकाळी दहापासून वारा, दुपारी त्याचा आवाज बदलला. माड लवतात, वारा अंगावरून जाऊ देतात. पोफळ बारीक, उंच, ती लवते लवते आणि कमरेत मोडते. बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. बाबा माजघरात खाटेवर बसून मोजत होते. साठापर्यंत मोजले आणि मग कानावर उशी घेतली. संध्याकाळी दार उघडून बाहेर आलो तर आईला पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे समुद्र. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने पडवीतून समुद्र कधी पाहिला नव्हता.

पंचनाम्याच्या झेरॉक्सवर आकडे आहेत: पोफळी 290, माड 31. आधी मदत हेक्टरी पन्नास हजार जाहीर झाली होती. पण गुंठ्यांच्या वाड्यांना हेक्टरचा हिशोब कसा पुरणार, म्हणून मग झाडामागे दर ठरला, पोफळीला 50 रुपये, माडाला 250. आमचा गुणाकार 22,250 झाला. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. आमच्या काही पोफळी आजोबांच्या हातच्या होत्या. असो. सहा खोल्यांपैकी चार जणींची छपरं गेली, पण रहाटावरच्या दोन खोल्यांचं एक कौल हललं नाही. बैलाचा पाया.

वाडी उघडी पडली आणि नात्यातली माणसं बोलायला लागली. आता झाडं नाहीतच, तर बांधा की आणखी. डोंबिवलीचा चुलतभाऊ नकाशाच घेऊन आला: पोहण्याचा तलाव, चार व्हिला, मधे हिरवळ. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. हिशोबाने तोच बरोबर होता, तलाव असलेल्या जागेला आज दुप्पट भाडं मिळतं. मी त्याला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, सांगितले. 1991 च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची जमीन नियमाखाली आहे, आमच्यासारख्या गावांत पहिल्या दोनशे मीटरांत तर नवीन बांधकामच नाही; आमच्या वाडीचं पश्चिमेचं टोक त्यात येतं. तो म्हणाला, "सगळे करतात." तेही खरंच. आई ताक घुसळत होती, तिने मान वर न करता विचारलं, "तलावाला पाणी कुठलं?" विहीर एकच. सातबाराच्या इतर हक्कांत ती सामाईक आहे. एप्रिलात तिचा तळ दिसतो. चुलतभावाने नकाशाची गुंडाळी केली.

आम्ही केळी लावल्या. पोफळीचं रोप कोवळेपणी उन्हात करपतं, त्याला सावली लागते, म्हणून आधी केळी आणि तिच्या आडोशाला पोफळ. आधी सावली लावायची आणि मग झाड.

शेवटी अडलं ते धाकट्या आत्याशी. काका आणि इंदूरची आतेभावंडं सह्या करायला तयार होती. आत्या पेणला असते, वय अठ्ठ्याहत्तर. काकांनी फोनवर सांगितलं, तिचं हक्कसोडपत्र करून घे, आपल्यात मुली हक्क सोडतात. मला ते जमेना. 2005 च्या दुरुस्तीचं सोडा, 1956 च्या कायद्यानेही वडिलांच्या हिश्श्यात तिचा वाटा होताच. तो 1983 ला आपणच ए.कु.मॅ. ह्या तीन अक्षरांत झाकून टाकला होता. आणि मी स्वतः मुलगी म्हणून नाव लावायला निघालेली, मी कोणत्या तोंडाने तिला सोड म्हणू?

तिला गाडी करून वाडीवर आणलं. जेवण झालं. मी कागद काढला आणि म्हटलं, "आत्या, तुझं नाव लावायचंय. सोडायचं का ठेवायचं ते तू ठरव." ती काही बोलली नाही. उठली, चपला न घालताच पहिल्या खोलीकडे गेली. खोली रिकामी होती. आत खिडकीखाली जांभ्याची गव्हाण अजून आहे. बाबांनी ती पाडली नाही, वर लाकडी फळी टाकली, पाहुणे तिच्यावर बॅगा ठेवतात. आत्याने फळी उचलायला सांगितली. आत हात घातला आणि उजव्या कोपऱ्यातला दगड बोटांनी चाचपला. तिथे खोलगट झालंय, तळहाताएवढं. गुरांच्या जिभेने. वर्षानुवर्षं चाटून जांभा झिजतो, हे मला माहीत नव्हतं. मी त्या खोलीत हजार वेळा चादरी बदलल्या असतील.

"ही तांबूची जागा," ती म्हणाली. "आंधळी होती गो एका डोळ्याने. उजव्या कोपऱ्यातलंच खायची."

मग तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसून म्हणाली, नाव ठेव. मला पैसे नकोत, खोली नको. पण नाव ठेव. आणि वर्षातून आठ दिवस मी इथे येणार, ह्याच खोलीत, मे महिन्यात. मी म्हटलं, मे म्हणजे हंगाम. ती म्हणाली, "म्हणून तर."

त्यामुळे आता सातबारावर आठ नावं आहेत. वकील म्हणाले, पुढे विकायला फार त्रास होईल. हे त्यांनी तोटा म्हणून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून मला आणि आईला खोल्या चालवायचं संमतीपत्र दिलं, नोटरी केली, आणि अर्ज पुढे सरकला. आठ जणांच्या सह्यांसाठी गणपतीची सुट्टी गाठली, एरवी एवढी माणसं एका वेळी इथे जमत नाहीत. नमुना 8 दुरुस्त करून घेतला. फरकाची घरपट्टी भरली. ती बघून बाबांनी मला काय म्हटलं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

पाहणीला पर्यटन विभागाचे साहेब आले ते पावसाळ्यानंतर. तरुण होते, बरोबर एक मदतनीस, हातात टेप. संडास-बाथरूम पाहिलं, गरम पाण्याची सोय, आग विझवण्याचं नळकांडं, नोंदवही. खोली क्रमांक एकमध्ये थबकले. खिडकी जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर, आणि रुंद. टेप लावून दोनदा मापली.

"ही एवढी खाली का?"

"गुरांच्या तोंडाला वारा लागावा म्हणून," आई म्हणाली.

साहेबांनी आमच्याकडे बघितलं, मग फळीवर ठेवलेल्या पाहुण्यांच्या बॅगेकडे. मदतनीसाला म्हणाले, "लिही, वायुवीजन पुरेसं."